श्रीकांतदादा आणि छोटी गावं

श्रीकांत सबनीस यांच्या डोक्यावर केस म्हणावेत असं फारसं काही उरलं नव्हतं. दोन्ही कानांवर एकेक करडी पट्टी आणि मागे मानेवर थोडी लव, एवढंच. तरीही नव्या गावात शिरलं की ते आधी न्हाव्याचं दुकान शोधायचे. आत जाऊन खुर्चीत ऐसपैस बसायचे आणि म्हणायचे, "जेवढं सापडेल तेवढं काप." न्हावी हसायचा, आणि मग कात्रीपेक्षा जीभच जास्त चालायची. गावात कोणाचं कोणाशी पटत नाही, पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, पाव कुणाकडचा घ्यावा आणि कुणाकडचा घेऊ नये, हे सगळं ऐकूनच ते बाहेर यायचे.

"कापायला आहे काय तुमच्या डोक्यावर?" असं मी एकदा विचारलं होतं.

"त्याच्याजवळ बोलायला आहे नं, बाप्पा," ते म्हणाले. "केसांचं काय घेऊन बसलीस!"

त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला घेतलं की माझा हात अडखळतो. वाईट लिहायला घेतलं तरी अडखळतो. म्हणून जसं घडलं तसंच सांगते.

मी पुण्याहून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला नोकरीसाठी आले तेव्हा केदार, माझा नवरा, अजून पुण्यातच होता. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी ऑफिसला चालत निघाले आणि रस्ता चुकले. त्या शहरातले राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, सगळे सारखेच दिसतात आणि पायी चालणारं माणूस विचारायलाही सापडत नाही. तासभर उशिरा, रडवेली होऊन पोचले. शेजारच्या टेबलावरून एक टकलं डोकं वर आलं आणि शुद्ध मराठीत म्हणालं, "हरवलीस? या गावात कोणी हरवत नाही. नुसतं गोल गोल फिरत राहतं. चहा घे आधी."

नागपूर सोडून त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती, पण 'का'ला 'काऊन' आणि 'हो'ला 'हाव' म्हणणं काही सुटलं नव्हतं. ऑफिसात सगळे त्यांना 'श्री' म्हणत. मी सवयीनं 'सर' म्हणाले, तर म्हणाले, "सर म्हणशील तर लिफ्ट बंद." मग काय म्हणू? "धरमपेठेतली पोरं मला दादा म्हणत." तेव्हापासून ते श्रीकांतदादा झाले आणि त्यांच्या पत्नी विद्यावहिनी. केदारचा व्हिसा येईपर्यंत माझा प्रत्येक रविवार त्यांच्या घरी गेला. मला सख्खा भाऊ नाही. ती जागा इतक्या लवकर भरेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी ते वहिनींना आणि मला गाडीत घालून कुठेही न्यायचे. मोटरवेवर गाडी घालायला त्यांचा सक्त नकार. "मोटरवेवर माणूस फक्त पोचतो," ते म्हणायचे, "जात कुठेच नाही." गावाची पाटी दिसली की रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह बंद. "त्या बाईला गप्प कर आता, इथून आपलं आपण पाहू." केदार आल्यावर त्यालाही त्यांनी असंच फिरवलं. पुस्तकांत ज्यांची नावं नाहीत अशी इंग्लंडमधली कितीतरी गावं मी त्यांच्या गाडीतून पाहिली. "जिथं पाहायला काही नाही असं लोक सांगतात, तिथं हमखास थांबायचं," हा त्यांचा नियम होता.

मग अमेरिकेचं काम निघालं. आमच्या कंपनीला तिथल्या एका विमा कंपनीचं मोठं प्रोजेक्ट मिळण्याच्या बेतात होतं. त्यासाठी दादांना आणि मला तीन आठवड्यांसाठी इंडियानात पाठवलं. दोघांची कामं वेगळी होती. ते जुन्या सिस्टिमची माहिती गोळा करणार आणि मी पुढच्या कामाची आखणी करणार. काम मिळालं तर ते चालवायला लीड म्हणून माझं नाव दादांनीच सुचवलं होतं. दर महिन्यात आठवडाभर अमेरिका, उरलेला वेळ मिल्टन कीन्स, असं दोन वर्षं. पुढच्या वर्षी माझा व्हिसा संपत होता. त्या दृष्टीनंही ही जागा मिळणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं.

अमेरिका म्हणजे माझ्या डोक्यात उंच इमारती आणि गर्दी. प्रत्यक्षात आमचं हॉटेल एका आठपदरी रस्त्याच्या कडेला होतं. समोर टायरचं दुकान, मागे पार्किंग, आणि चालायला फुटपाथसुद्धा नाही. पहिल्या शुक्रवारी मी इतकी कंटाळले होते की शनिवार-रविवार झोपून काढायचं ठरवलं होतं. सकाळी दादांचा फोन आला. "खाली ये. इथल्या लोकांना विचारलं, आसपास पाहायला काय आहे म्हणून. म्हणाले, काहीच नाही. चल, जाऊ."

मक्याची कापणी झालेली होती. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळे खुंट. तासाभरानं अचानक झाडी सुरू झाली, उतार लागला, आणि लाल विटांचं एक गाव समोर आलं. मधोमध चौकात कोर्टाची जुनी इमारत, तिच्याभोवती चारी बाजूंना दुकानं. प्रत्येक पायरीवर भोपळे मांडलेले. बियाणांच्या दुकानात पोत्यांवर एक लठ्ठ मांजर झोपलं होतं. मालक म्हणाला, "हे मांजर उठेपर्यंत ओट्सचं पोतं विकता येत नाही," आणि तो हे गमतीनं सांगत नव्हता. जुन्या रेल्वे स्टेशनात त्यांनी वाचनालय केलं होतं. तिकीटखिडकीतून एक म्हातारी पुस्तकं द्यायची. आम्ही परके आहोत हे कळल्यावर तिनं आम्हाला आत बोलावून गावाचा पहिला नकाशा दाखवला.

दादा रस्त्यातच उभे राहिले. "काऊन नाही सांगत हे कोणी?" म्हणाले. "आपण तिकडे बसून या देशाबद्दल बडबडतो, अन् हे असं आहे, याची कोणाला बातमीच नाही."

पुढच्या शनिवारी आणखी एक गाव सापडलं. तिथे एकच पडदा असलेलं थिएटर होतं. गावकरीच आळीपाळीनं ते चालवत. सिनेमा सुरू होण्याआधी तिकिटं देणारी बाई पडद्यासमोर आली आणि कोणाचा वाढदिवस आहे, कोणाचा कुत्रा हरवला आहे, हे सगळं तिनं वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "आणि आज दोन पाहुणे इंग्लंडहून आले आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला निवृत्तीनंतर इथंच सोडून दे."

तिसऱ्या शनिवारी नदीकाठच्या एका गावात ते नेहमीसारखे न्हाव्याकडे शिरले. मी मागच्या बाकावर बसले. तिथल्या लोशनचा वास, हीटरची ऊब, आणि एकदम सगळं दुकान माझ्याभोवती फिरायला लागलं. शुद्ध गेली नाही, पण बाकावरून जमिनीवर कधी आले ते कळलं नाही. न्हाव्याची बहीण शेजारच्या खोलीत लोकर विकायची. ती आधी नर्स होती. तिनं मला तिच्या खुर्चीत बसवलं, पाय वर घेतले, खारी बिस्किटं हातात दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "किती आठवडे झाले, बाळा?"

मी उत्तर द्यायच्या आधीच दादा दारात येऊन उभे होते. अंगावर न्हाव्याची चादर, एका कानावरची पट्टी कापलेली, दुसरी तशीच. त्यांनी ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर मी त्यांना सगळं सांगितलं. सातवा आठवडा आहे. केदारशिवाय कोणालाच माहीत नाही, आईलासुद्धा नाही. आदल्या वर्षी असंच झालं होतं, आम्ही पुण्यातल्या सगळ्यांना सांगून मोकळे झालो होतो आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. मग प्रत्येकाला पुन्हा फोन करून सांगत बसावं लागलं होतं. मिल्टन कीन्समध्ये हे कोणालाच कळू दिलं नव्हतं, म्हणजे अगदी त्यांनासुद्धा. चार दिवस ताप म्हणून घरी होते तेव्हा ते हेच होतं. या खेपेला बारा आठवडे होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं.

त्यांनी माझ्या बाजूची काच थोडी खाली केली. मग म्हणाले, "एवढं एकटीनं सोसलंस, अन् मला पत्ता नाही. कसला दादा मी?"

"कोणाला सांगू नका. वहिनींनाही नको."

"या गाडीच्या बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "मला काही समजलंच नाही, असं समज."

नंतर हॉटेलपर्यंत त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढे गेले. रस्त्यातला प्रत्येक खड्डा चुकवत होते. मी डोळे मिटून बसले होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

परत आल्यावर काम आम्हालाच मिळालं. लीडची घोषणा व्हायची होती. एके दुपारी हेलननं, आमच्या डायरेक्टरनं, मला खोलीत बोलावलं. ती चांगली बाई होती आणि चांगल्या बाईला वाईट बातमी सांगताना होतो तसा त्रास तिला होत होता. म्हणाली, माझं काम उत्तम आहे, पण ही जागा श्रीला द्यायचं ठरलं आहे. त्याचा अनुभव मोठा, आणि या कामात प्रवास फार. मी का म्हणून विचारलं. ती शब्द शोधत राहिली. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाली, "मागच्या वेळी तुला जे सोसावं लागलं, त्यानंतर आता तुला घराजवळ राहणंच बरं वाटेल, असं आम्हाला वाटलं."

तिचं तिच्याच लक्षात आलं. मानेवर लाल चट्टे उठले. मी मात्र एकाच शब्दापाशी थांबले होते. मागच्या वेळी. ती 'मागची वेळ' या ऑफिसात एकाच माणसाला माहीत होती.

दादा त्या दिवशी घरून काम करत होते. मी केदारला फोन केला नाही. सरळ त्यांच्या घरी गेले. विद्यावहिनी सांबारवडी तळत होत्या. सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर. मला बघून त्यांनी पिठाचे हात तसेच पुढे करून मला जवळ घेतलं. दादा मागच्या बागेत गुलाब छाटत होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.

"बरं झालं आलीस," वहिनी म्हणाल्या. "मी यांना म्हणतच होते, तिला फोन करते म्हणून. उपकार आहेत गं तुझे."

"कसले उपकार?"

"तू नको म्हणालीस म्हणून यांना मिळालं नं ते काम. उन्हाळ्यापासून यांची खुर्ची हलून राहिली होती. पन्नाशी उलटलेल्या लोकांना एकेक करून घरी पाठवून राहिले म्हणे. तुला बोलले नसतील ते. मला जेवण गोड लागत नव्हतं, बाप्पा."

बागेतला कात्रीचा आवाज थांबला होता.

"वहिनी, मी नको म्हणाले नव्हते," मी म्हणाले.

वहिनींनी गॅस बंद केला. दाराकडे वळल्या. "ही काय म्हणून राहिली हो?"

दादा उंबऱ्याशी आले. पायात चिखलाचे बूट होते, म्हणून आत आले नाहीत. एवढ्या सगळ्यात त्यांना ती शिस्त पाळायचं भान होतं, हे मला अजून आठवतं आणि अजून राग येतो.

"मी हेलनजवळ बोललो," ते म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच बोललो. त्या दुकानात तू कशी पांढरी पडली होतीस ते तुला नाही दिसलं, मला दिसलं. दर महिन्याला विमान, तिथं एकटी हॉटेलात. मागच्यासारखं झालं असतं तर?"

"मला विचारायचं होतंत."

"तू ऐकलं नसतंस. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे नं."

"मग वहिनींना खोटं काऊन सांगितलंत?"

'काऊन' माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. इतकी वर्षं मी त्या शब्दावरून त्यांना चिडवत आले होते. ते हातातली कात्री पुसत राहिले. वहिनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना अजून सगळं उमगलं नव्हतं, पण आपल्यालाही खोटं सांगितलं गेलं, एवढं उमगलं होतं. त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

त्यांना माझी काळजी वाटली नव्हती, असं मला आजही म्हणता येत नाही. त्या गाडीत खड्डे चुकवणारा माणूस खोटा नव्हता. पण तीच काळजी त्यांच्या इतकी सोयीची ठरली, की त्यातली किती माझ्यासाठी होती आणि किती त्यांच्या खुर्चीसाठी, हे बहुधा त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. नोकरी जाईल अशी भीती होती, तर मला सांगायचं होतं. त्याच गाडीत सांगायचं होतं. मी माझं सगळं सांगत होते तेव्हा शेजारी बसून ते आपलं एक अक्षर बोलले नाहीत.

केदार भडकला. रीतसर तक्रार कर म्हणाला, या देशात असं करणं कायद्यात बसत नाही. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी हेलनला तोंडावर सांगितलं की तुला हे कुठून कळलं ते मला माहीत आहे आणि तू ते ऐकून घ्यायला नको होतंस. तिनं माफी मागितली. मनापासून मागितली असावी. दुसरं एक काम आणि व्हिसाची हमी दिली. त्यापुढे मी गेले नाही. तक्रार केली असती तर सगळ्या ऑफिसला ते सांगावं लागलं असतं, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मला ते महिने शांततेत हवे होते. दादांशी मी कामापुरतं बोलत असे. ते दोन-तीनदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, आणि मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

ओवी झाली तेव्हा वहिनी हॉस्पिटलात डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बाळाला मांडीवर घेऊन खूप वेळ बसल्या. निघताना म्हणाल्या, "ते खाली गाडीत बसून आहेत." एवढंच म्हणाल्या. 'वर पाठवा' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी लाडवांचा डबा कपाटात ठेवला. वहिनींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

रजा संपल्यावर मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत गेले. आम्ही तिकडेच घर घेतलं. दादांचे फोटो मात्र येत राहिले. इंडियाना, मग ओहायो, मग केंटकी. चौक, जुनी थिएटरं, नदीवरचे लाकडी पूल, न्हाव्यांची दुकानं. खाली एखादं वाक्य: 'इथं वर्षातून एक दिवस मुलं शाळेत घोड्यावरून येतात.' 'या गावात दोनच रस्ते, अन् दोन्हींना एकाच बाईचं नाव.' मी उत्तर दिलं नाही. ब्लॉकही केलं नाही. केदार विचारायचा, मग बघतेस कशाला? काय सांगणार? ती गावं मला आवडली होती. त्यांत माझाही वाटा होता. आम्ही सुट्टीत कुठे निघालो की आजही मीच केदारला मोटरवे सोडायला लावते, आणि अनोळखी चौकात गाडी उभी करून उतरताना जो आनंद होतो तो मला त्या माणसानं दिला आहे, हे आठवून मन कडू होतं. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर सगळंच टाकून देता आलं असतं.

गेल्या वसंतात ते एकटेच ब्रॅकनेलला आले. न कळवता. प्रोजेक्ट संपलं होतं, आणि कंपनीनं त्यांनाही शेवटी पॅकेज देऊन मोकळं केलं होतं. केदार घरी नव्हता. माझ्या सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनीच दार उघडलं आणि मराठी माणूस बघून आत बोलावलं. मी वरून खाली आले तोवर ते सोफ्यावर बसले होते आणि सासूबाई हसत होत्या.

चहा झाला. पोहे झाले. ओवी त्यांच्या चष्म्याला हात लावून पळाली. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा ते म्हणाले, "कशी आहेस?"

"छान आहे."

ते थांबले. गाडीत मी काही सांगायला लागले की ते असेच थांबत, घाई न करता, पुढचं आपोआप येईल अशा खात्रीनं. त्या थांबण्यानंच माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं. आईचं आजारपण, नव्या ऑफिसातली भांडणं, दुसऱ्या मुलाचा आमचा विचार, सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि खरं सांगते, सांगावंसंही वाटत होतं. त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मला नंतर भेटलं नाही.

"यंदा थंडी लांबली," मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले. "लांबली." कपातल्या तळाकडे पाहत राहिले. मग उठले. दारात बूट घालताना त्यांना वेळ लागला. मी आधाराला हात पुढे केला नाही आणि त्यांनी भिंत धरली.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "किती लाघवी गृहस्थ आहेत गं. अमेरिकेतल्या गावांच्या काय काय गमती सांगत होते. कोण तुझे?"

"आधीच्या ऑफिसात होते."

"एकदा जेवायला बोलाव त्यांना. बायकोलाही घेऊन या म्हणावं."

"बघू," मी म्हणाले, आणि कप विसळायला आत गेले.